फ्रान्स पोस्टचा ब्राझील

परमुलखात नोकरीनिमित्त काही वर्षे काढलेल्या माणसाच्या मनात त्या मुलखाचे एक चित्र कायमचे राहते. त्या चित्रात काय टिकते आणि काय गळते, याचा विचार करताना आम्हांस फ्रान्स पोस्ट या डच चित्रकाराची आठवण होते.

पोस्ट हार्लेमचा, जन्म १६१२ चा. ईशान्य ब्राझीलमधील उसाचा मुलूख डचांच्या वेस्ट इंडिया कंपनीने १६३० पासून पोर्तुगिजांकडून जिंकावयास आरंभ केला होता. तेथे गव्हर्नर म्हणून निघालेल्या योहान मॉरिट्सच्या परिवारात पोस्ट होता. १६३७ च्या जानेवारीत ही मंडळी रेसिफेस पोहोचली. तेथे पोस्टने रंगविलेली सात तैलचित्रे आज ज्ञात आहेत. त्यांतील संयम डोळ्यांत भरतो. १६३९ च्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या चित्रात रुंद, संथ पाणी आहे. पलीकडे डचांचा किल्ला, अलीकडे एक निवडुंग आणि चरणारा कॅपिबारा. बाकी सारे आभाळ. चित्रकार पाहिले तेवढेच सांगतो आहे, असे वाटते.

१६४४ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे हार्लेममध्ये बसून त्याने ब्राझीलचीच शंभरांहून अधिक चित्रे काढली. १६५४ मध्ये ती वसाहत डचांच्या हातून गेली, तरी चित्रांना गिऱ्हाईक होतेच. या उत्तरकालीन चित्रांत हिरवा रंग दाट होतो; अग्रभागी अननस, सरडे, आर्मडिलो यांची दाटी होते. साखरेच्या घाण्याभोवती कृष्णवर्णी माणसे टोपल्या वाहतात, बोलत उभी राहतात. सारे कसे निवांत!

इतिहास इतका निवांत नव्हता. याच मॉरिट्सने १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमार धाडून पोर्तुगिजांचे एल्मिनाचे ठाणे घेतले, ते घाण्यांना गुलाम मिळावेत म्हणून. १६३६ ते १६४५ या काळात कंपनीने २०,००० हून अधिक आफ्रिकी माणसे ब्राझीलमध्ये आणली. हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. थकलेल्या माणसाचा हात चरकात सापडण्याचे भय नित्याचेच असे.

पोस्ट खोटे बोलला, असे आम्ही म्हणणार नाही. घाणा त्याने काढला, माणसेही काढली. त्यांच्यावरची सक्ती तेवढी त्याच्या उन्हात विरून गेली. गावोगाव बदलून जाणाऱ्या आपणां सर्वांनाच हे जपण्यासारखे आहे. मागे राहिलेल्या गावाची नदी आपल्याला आठवते, टेकडी आठवते, बंगल्यापुढचे झाडही आठवते. त्या झाडाला पाणी घालणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळदा आठवत नाही.