सोन्यावाचून सोने

'मिनिएचर' हा शब्द ऐकताच आपल्या मनात 'लहान' हा अर्थ येतो. पण मुळात या शब्दाचा आकाराशी काही संबंध नव्हता. 'मिनियम' म्हणजे शिसे भाजून केलेला शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांची आद्याक्षरे शेंदराने रंगवीत, त्यावरून हा शब्द घडला. लहानपणाचा अर्थ त्याला ध्वनिसाम्याने नंतर चिकटला. शिशापासून निघालेले हे नाव विसाव्या शतकात शिशाच्याच बाहुल्यांना मिळावे, हा गमतीदार योगायोग होय.

या बाहुल्या म्हणजे अद्भुतरम्य युद्धखेळांतील सोंगट्या. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. इंग्लंडमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या 'गेम्स वर्कशॉप'च्या साहाय्याने ब्रायन ॲन्सेल यांनी १९७९ मध्ये 'सिटाडेल मिनिएचर्स' सुरू केली, आणि १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ आला. १९८७ पासून 'गोल्डन डीमन' ही रंगकामाची स्पर्धा भरू लागली आणि पटावरची सोंगटी काचेच्या कपाटात जाऊन बसली. जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा योद्धा, त्याच्या अंगावर चिलखत, हाती तलवार. ते लोखंड, ते सोने रंगवायचे कसे?

सोपा मार्ग अर्थातच धातुरंगाचा. अभ्रकाचे किंवा ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण मिसळलेला रंग लावला, की चिलखत खरोखर चमकते. मात्र १९९७ साली स्थापन झालेल्या 'रॅकहॅम' या फ्रेंच कंपनीच्या रंगकर्मींनी दुसराच मार्ग लोकप्रिय केला. चमकणारा एकही कण न वापरता, निव्वळ साध्या रंगांनी धातूचा भास उभा करायचा. या पद्धतीला 'नॉन-मेटॅलिक मेटल' असे काहीसे विरोधाभासी नाव पडले.

तिची रीत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. सोन्यासाठी खाली गडद तपकिरी, त्यावर पिवळी माती, मग पिवळा, मग हस्तिदंती, आणि अगदी शेवटी कडेवर शुभ्र पांढऱ्याचा एक ठिपका. पोलादासाठी जवळजवळ काळ्या निळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा प्रवास. सारे रहस्य एका छटेतून दुसरीत विरघळत जाण्यात असते. आणि ॲक्रिलिक रंग तर काही मिनिटांत वाळतो. म्हणून एक तर दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळायचे, नाहीतर पाण्यासारखे पातळ केलेले असंख्य थर एकावर एक चढवायचे. तलवारीचे एक पाते एक अख्खी संध्याकाळ खाऊन टाकते.

जे नवे म्हणून गाजले, त्याचा वाद मात्र फार जुना आहे. १४३५ साली लिओन बातिस्ता अल्बेर्ती याने चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात सोन्याचा वर्ख वापरणाऱ्या चित्रकारांना दोष दिला. सोने साध्या रंगांनी भासवण्यातच चित्रकाराचे खरे कौतुक आहे, असे त्याचे म्हणणे. त्याचे कारणही व्यावहारिक होते: सपाट फळीवरचा वर्ख जेथे उजळ दिसायला हवा तेथे काळवंडतो आणि जेथे अंधार हवा तेथे चकाकतो. प्रकाशावर चित्रकाराचा ताबा राहत नाही.

आपल्याकडेही हे दोन्ही मार्ग दिसतात. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रशैलीत उठावावर खरा वर्ख बसवीत. राजा रविवर्म्याने नऊवारीचे जरीकाठ आणि दागिने तैलरंगांनीच झळकवले. दोन्हींना आपण सुंदरच म्हणतो.

परंतु अल्बेर्ती चित्राविषयी बोलत होता आणि बाहुली ही मूर्ती आहे, हा भेद मला मोलाचा वाटतो. चित्रासमोर आपण उभे राहतो, मूर्तीभोवती फिरतो. रंगवलेली झळाळी एकाच जागी थिजलेली असते, म्हणून ती एकाच बाजूने खरी वाटते. अशी पद्धत नेमकी आंतरजालाच्या प्रसारकाळातच का फोफावली? मला वाटते, त्या काळात बाहुल्या हातात कमी आणि छायाचित्रांत अधिक पाहिल्या जाऊ लागल्या. छायाचित्राला बाजू एकच असते. कॅमेऱ्यापुढे धातुरंग तर हट्टी मुलासारखा भलत्याच ठिकाणी चमकतो.

'रॅकहॅम' २०१० साली बंद पडली, पद्धत टिकली. पुढे काहींनी मधली वाटही धरली: धातुरंगच लावायचा, पण त्याच्या सावल्या निस्तेज रंगांच्या पातळ थरांनी दाबायच्या, म्हणजे चमक ठरवून दिलेल्या जागीच राहते.

इंग्लंडात शिकून आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपला योद्धा माझ्या टेबलावर ठेवला होता. समोरून तलवार अशी लखलखत होती, की मी नकळत बोट मागे घेतले. मग मी तो उचलून खिडकीकडे वळवला. ऊन पाठीमागून येत होते आणि पात्यावरचा उजेड अजून समोरूनच पडलेला होता. "सर, तो असाच ठेवायचा असतो," असे म्हणत त्याने तो पुन्हा माझ्याकडे तोंड करून ठेवला.