किल्ट : औचित्याचा आणि बंदीचा इतिहास

स्कॉटलंडमध्ये किल्ट केव्हा कसा नेसावा याचे संकेत आज रूढ आहेत. दिवसा ट्वीडचे जाकीट आणि कमरेपुढे स्पोरन ही चामड्याची साधी पिशवी. सायंकाळच्या समारंभात काळे जाकीट. विवाहात तर तो मानाचा पोशाख. परंतु औचित्याआधी प्रश्न होता कायद्याचा. १७४५च्या जॅकोबाइट उठावानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली हा हायलंडी वेष निषिद्ध केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त राजाच्या सैनिकांना. म्हणजे किल्ट नेसण्याची ‘उचित’ जागा एकच उरली : पलटण!

बंदी १७८२ साली उठली. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा स्वागताची सारी मांडणी वॉल्टर स्कॉटची होती. हायलंडी नृत्यसमारंभात तर गणवेश नसलेल्यांना हाच वेष सक्तीचा ठरला. ज्या सखल प्रदेशातील प्रतिष्ठितांनी तो पिढ्यान् पिढ्या रानटी मानला, तेही नटून आले. राजाने स्वतः किल्टखाली गुलाबी तंग विजार चढवली होती. (उघडे गुडघे त्याला मानवले नसावेत.)

त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत सदरलंडमधील हजारो हायलंडी कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले होते.