जेनलॉक

जेनलॉक ही दूरचित्रवाणी व चित्रफीत निर्मितीत कॅमेरे, प्लेयर, ग्राफिक्सची यंत्रे असे सर्व चित्रस्रोत एकाच संदर्भ संकेताशी जुळवून ठेवण्याची पद्धत आहे. 'जनरेटर लॉकिंग' या शब्दप्रयोगाचा हा संक्षेप होय. अनेक स्रोतांमधून एकाची निवड किंवा त्यांचे मिश्रण करणाऱ्या यंत्राला स्विचर, व्हिजन मिक्सर किंवा नुसते मिक्सर म्हणतात. त्याचे काम निर्दोष चालणे या जुळणीवर अवलंबून असते.

आवश्यकता

चित्रसंकेतात प्रतिमा एकामागून एक येणाऱ्या रेषांनी घडते. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत एका फ्रेममध्ये ६२५ रेषा व सेकंदाला २५ फ्रेम असतात. प्रत्येक रेषेला ६४ मायक्रोसेकंद लागतात. दोन कॅमेरे आपापल्या घड्याळावर चालत असतील, तर एकाची फ्रेम संपत असताना दुसऱ्याची अर्ध्यावर असू शकते. अशा वेळी स्विचरने थेट बदल केल्यास चित्र उडी मारते किंवा वर-खाली सरकते. दोन चित्रे एकमेकांत विरघळवणे तर अशक्यच, कारण त्यासाठी दोन्हींची तीच रेषा आणि तोच बिंदू एकाच क्षणी हाती असावा लागतो. म्हणून बदल दोन प्रतिमांमधील रिकाम्या कालखंडात केला जातो आणि तो कालखंड सर्व स्रोतांत एकाच वेळी यावा लागतो.

संदर्भ संकेत आणि केबलची लांबी

संदर्भासाठी अॅनालॉग स्टुडिओत 'ब्लॅक बर्स्ट', तर हाय डेफिनिशनमध्ये 'ट्राय-लेव्हल सिंक' हा संकेत वापरतात. पहिला म्हणजे समकालन स्पंद व रंगसंदर्भ असलेले निव्वळ काळे चित्र. तो एका यंत्रातून पुढच्यात असा फिरवता येतो. मात्र साखळीच्या शेवटी ७५ ओहमचे टर्मिनेशन लागते. ते विसरल्यास संकेत दुप्पट होतो, दोनदा लावल्यास दोन-तृतीयांशावर येतो आणि जुळणी बिघडू शकते.

अॅनालॉग काळात खरी कसोटी रंगाची होती. पालमधील रंगवाहक लहरीची वारंवारता सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ असल्याने तिचे एक आवर्तन जेमतेम २२६ नॅनोसेकंदांचे असते. सामान्य कोअॅक्सियल केबलमध्ये संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका कॅमेऱ्याची केबल केवळ १ मीटर जास्त असली तरी रंगाची कला सुमारे ८ अंशांनी सरकते. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याची वेळ स्विचरच्या प्रवेशापाशी मोजून स्वतंत्रपणे पुढे-मागे करावी लागे. डिजिटल स्विचरच्या प्रवेशावर थोडी साठवण असते, त्यामुळे लहान फरक आपोआप भरून निघतात.

फ्रेम सिंक्रोनायझर

उपग्रहावरून येणारे किंवा जेनलॉकची सोय नसलेल्या कॅमेऱ्याचे चित्र संदर्भाशी बांधता येत नाही. अशा चित्राची फ्रेम स्मृतीत साठवून स्थानिक संदर्भाच्या तालावर बाहेर काढणारे यंत्र म्हणजे फ्रेम सिंक्रोनायझर. ते १९७० च्या दशकात वापरात आले. आज अनेक लहान स्विचरांत ते प्रत्येक प्रवेशावर असल्याने जेनलॉकविनाही काम भागते.

ही सोय फुकट मिळत नाही. साठवणीमुळे एका फ्रेमपर्यंत, म्हणजे २५ फ्रेमच्या गतीला ४० मिलिसेकंदांपर्यंत विलंब होतो. ध्वनी वेगळ्या मार्गाने येत असेल तर तो ओठांच्या हालचालींच्या पुढे पळतो; सभागृहातील मोठ्या पडद्यावर हे विशेष जाणवते. शिवाय हा विलंब स्थिर नसतो. दोन घड्याळांत दहा लाखांत १० भागांचा फरक असला, तर ४,००० सेकंदांत, म्हणजे तासाभराहून थोड्या अधिक वेळात, पूर्ण फ्रेमचे अंतर पडते आणि एक फ्रेम गाळावी किंवा पुन्हा दाखवावी लागते. म्हणून ध्वनीला एकदा दिलेला ठरावीक विलंब दीर्घ कार्यक्रमात पुरेसा अचूक राहत नाही.

आयपी जाळ्यावरील समकालन

चित्र, ध्वनी व पूरक माहिती आयपी जाळ्यावरून स्वतंत्रपणे वाहून नेणाऱ्या 'एसएमपीटीई एसटी २११०' मानकात वेगळ्या संदर्भ केबलऐवजी पीटीपी हा कालप्रोटोकॉल वापरतात. प्रत्येक यंत्र १ जानेवारी १९७० पासून लोटलेला काळ जाणते व फ्रेम कधी सुरू व्हावी हे त्यावरून स्वतः काढते. संदेश जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, असे पीटीपी गृहीत धरतो. तसे नसल्यास फरकाच्या निम्मी चूक घड्याळात उतरते. त्यामुळे प्रसारणाच्या जाळ्यात शक्यतो पीटीपीला साहाय्य करणारेच नेटवर्क स्विच बसवतात.