सूतिकेचें सौमनस्य

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दहाव्या अध्यायांत बाळंतिणीचें दूध कां नाहींसें होतें याचें कारण एका लहानशा वाक्यांत सांगितलें आहे. क्रोध, शोक आणि अवात्सल्य हीं तीन कारणें नांवानें येतात. बाकीचीं ‘आदि’ शब्दांत गेलीं आहेत. अन्न कमी पडलें, ताप आला, प्रकृति अशक्त होती, यांपैकीं एकहि गोष्ट त्या वाक्यांत नांवानें सांगावी असें ग्रंथकारास वाटलें नाहीं. हें वाक्य आम्हीं विद्यार्थिदशेपासून अनेक वेळां वाचलें होतें. परंतु त्याच्याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहावें हें अलीकडेच सुचलें. बाळंतिणीचें मन सांभाळण्याचें काम आपल्या पूर्वजांनीं कोणावर सोंपविलें होतें, आणि पुढें त्याचें काय झालें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्यापूर्वीं या ग्रंथांकडे वैद्यकाच्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव घेतलें पाहिजे. १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनीं जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं झालेला त्यांचा मुलगा अवघा दहा दिवसांचा होऊन गेला होता. तेव्हां हा विषय त्यांनीं केवळ पोथ्यांतून उचलला नसावा, असें मानण्यास हरकत नाहीं. त्यांच्या वेळीं ‘हॉर्मोन’ हा शब्दहि जन्मास आला नव्हता. तो स्टार्लिंग नामक इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १९०५ मध्यें प्रचारांत आणला; आपण आतां त्यास संप्रेरक म्हणतों.

येथें एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केलेली बरी. प्राचीनांस संप्रेरकें ठाऊक होतीं असें सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. तें खरें नाहीं. प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीं दूध येतें हें सुश्रुतानें बरोबर पाहिलें. पण हृदयांतील धमन्या मोकळ्या झाल्यामुळें तें येतें हें त्याचें कारण चुकीचें आहे. वार पडतांच प्रोजेस्टेरोन हें संप्रेरक रक्तांतून झपाट्यानें उतरतें आणि प्रोलॅक्टिन या दूध उत्पन्न करणाऱ्या संप्रेरकाचा मार्ग मोकळा होतो, ही कारणमीमांसा विसाव्या शतकांतील आहे. निरीक्षण एक आणि मीमांसा दुसरी. हा भेद ज्याला करतां येत नाहीं त्यानें जुन्या ग्रंथांस हात लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु मीमांसा चुकली म्हणून निरीक्षणहि टाकून देणारे लोक त्याहून शहाणे आहेत असेंहि आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्या वाक्याच्या पुढील भागाकडे वळूं. दूध पुन्हां यावें म्हणून काय द्यावें याची लांबलचक यादी सुश्रुतानें दिली आहे. जव, गहूं, साळी, मांसरस, लसूण, मासे, शिंगाडे, भुईकोहळा, ज्येष्ठमध, शतावरी इत्यादि पदार्थ तींत आहेत. या यादीवर वैद्यांनीं व घरोघरच्या आजीबाईंनीं भरपूर लक्ष दिलें. पण यादीच्या आरंभीं ‘सौमनस्य’ शब्द आहे, आणि त्यास जोडून ‘उत्पाद्य’ हें ल्यबन्त अव्यय आहे. व्याकरणाचा सामान्य विद्यार्थीहि सांगेल कीं ल्यबन्त हें पूर्वकाल दाखवितें. म्हणजे आधीं मन प्रसन्न करावयाचें, आणि तें केल्यावर मग शतावरी. सौमनस्य हा यादींतील एक पदार्थ नव्हे. यादीची ती अट आहे. निदानस्थानांत याच ग्रंथकारानें आणखी पुढें जाऊन म्हटलें आहे कीं बालकाच्या स्पर्शानें, दर्शनानें, इतकेंच काय पण नुसत्या स्मरणानेंहि दूध वाहूं लागतें, व त्याच्या प्रवाहाला कारण अखंड स्नेह हें होय.

याची परीक्षा प्रयोगानें झाली ती फार उशीरा. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्कानें गर्भाशय आकुंचन पावतो हें डेल यानें १९०६ मध्यें मांजरीवर दाखविलें. त्याच ग्रंथीच्या अर्कानें शेळीच्या कासेंतून दूध उतरतें हें ऑट व स्कॉट यांनीं १९१० मध्यें पाहिलें. या दोन्ही क्रिया करणारें द्रव्य एकच, ऑक्सिटोसिन. तें १९५३ मध्यें द्यु व्हिन्यो यानें प्रयोगशाळेंत तयार केलें व १९५५ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पण आमच्या विषयाला जवळचा प्रयोग १९४८ चा आहे. अमेरिकेंतील न्यूटन पतिपत्नींनीं अंगावर पाजणाऱ्या एका आईला पाजण्याच्या वेळीं मुद्दाम त्रास दिला. कधीं पाय बर्फाच्या पाण्यांत बुडविले, कधीं पायाचा अंगठा दुखेपर्यंत ओढला, कधीं गणितें घातलीं. मूल पाजण्यापूर्वीं व नंतर तोलून किती दूध पोटांत गेलें तें मोजलें. स्वस्थ असतां १६८ ग्रॅम दूध गेलें. त्रास दिला असतां ९९. मग त्रास तसाच चालू ठेवून ऑक्सिटोसिन टोचलें, तेव्हां तें १५३ वर आलें. अर्थात् दूध आटलें नव्हतें. तें स्तनांतच होतें, खालीं उतरत नव्हतें. ताणाच्या वेळीं ॲड्रेनलिन वाढतें आणि दूध उतरविणारी प्रतिक्रिया अडखळते. सुश्रुताचा ‘नाश’ शब्द म्हणून तंतोतंत बरोबर नाहीं. मात्र अडलेलें दूध दिवसेंदिवस निघालें नाहीं तर तयार होणेंहि मंदावतें, आणि त्या अर्थानें तो शेवटीं खरा ठरतो.

हें लिहितांना आमच्या घरची एक गोष्ट मनांत येते. ज्येष्ठ कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. तिसऱ्या आठवड्यांत बाळ भुकेनें रडूं लागलें. बाळास पाहावयास येणाऱ्यांची रीघ लागलेली. प्रत्येक जण दूध पुरतें कीं नाहीं हें विचारी व आपला उपाय सांगून जाई. आम्हीं मोठ्या ऐटीनें सुश्रुत काढला, यादी वाचली, शतावरी आणविली, अळिवाचे लाडू दुप्पट केले. ल्यबन्त मात्र वाचलें नाहीं. जन्मभर मुलांस तें शिकविलेल्या माणसाची ही कथा. शेवटीं आमच्या एका वृद्ध मावशीनें, जिला अक्षरओळख बेताचीच, बाहेरचें दार लावून घेतलें, कन्येच्या हातचे सर्व हिशेब व फोन काढून घेतले, आणि रात्रीं बाळ स्वतःपाशीं ठेवून केवळ पाजण्यापुरतें तिच्याकडे देऊं लागली. पांचसहा दिवसांत बाळाचें रडणें कमी झालें. शतावरीचा त्यांत किती भाग होता हें आम्ही विचारीत बसलों नाहीं.

मावशीचें जें काम तेंच चरकानें नेमून दिलेलें आढळतें. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत सूतिकागारांत कोणत्या स्त्रिया असाव्या हें सांगतांना त्यानें विशेषणांची माळच ओवली आहे. त्या अनेक असाव्या, अनेक वेळां प्रसवलेल्या असाव्या, प्रेमळ, स्वभावतः वत्सल, क्लेश सहन करणाऱ्या असाव्या. त्यांतील दोन विशेषणें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात. एक ‘त्यक्तविषाद’, म्हणजे जिनें स्वतःचा खेद बाजूला ठेविला आहे अशी; दुसरें ‘अभिमत’, म्हणजे पसंत असलेली. कोणास पसंत? प्रसंग पाहतां प्रसवणाऱ्या स्त्रीसच, असें आम्ही समजतों. सुश्रुताचा ‘अशङ्कनीय’ शब्द याला पुष्टि देतो. जिच्यापुढें संकोच वा शंका वाटूं नये अशा चार प्रौढ, नखें कापलेल्या स्त्रिया तो मागतो. नखें कापण्याचा नियम व शंका न वाटण्याचा नियम त्यानें एकाच ओळींत ठेवले आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ‘अवात्सल्य’ हा दोष आईचा, हें खरें. पण वात्सल्याची मागणी ग्रंथकारांनीं प्रथम तिच्या भोंवतालच्या माणसांकडे केली आहे. १९८० मध्यें ग्वाटेमाला देशांत क्लाउस, केनेल प्रभृतींनीं कांहीं स्त्रियांजवळ प्रसूतीच्या वेळीं केवळ धीर देणारी एक बाई बसविली. वैद्यकाचें कोणतेंहि काम तिच्याकडे नव्हतें. ज्यांस सोबत नव्हती त्यांस सरासरी १९.३ तास लागले, सोबत होती त्यांस ८.८, आणि सोबत मिळालेल्या आया बाळाला अधिक कुरवाळतांना व त्याच्याशीं अधिक बोलतांना आढळल्या.

मग हें सर्व आपल्या घरांत राहिलें कां नाहीं? कांहीं अंशीं राहिलें. प्रसूतीनंतर दहा किंवा बारा रात्रीं सुहृदांनीं जागावें, गाणें-वाजविणें चालावें, घर अनुरक्त व हर्षित माणसांनीं भरलेलें असावें, असें चरक सांगतो. आपल्याकडील पांचवीचें जागरण, सटवाईची पूजा, बाराव्या दिवसाचें बारसें यांत त्या विधीचा धागा आम्हांस स्पष्ट दिसतो. (घर कोणत्या माणसांनीं भरावें हें चरकानें विशेषण घालून सांगितलें आहे, आमच्याकडील रीघ त्या विशेषणांत बसत नव्हती.) पहिल्या बाळंतपणास माहेरीं पाठविण्याची चाल, सव्वा महिना शेक, धुरी व विश्रांति, हींहि त्याच हेतूशीं जुळतात. परंतु त्याच दहा दिवसांवर धर्मशास्त्रानें जननाशौच बसविलें. वैद्यकानें जी खोली माणसांनीं भरावयास सांगितली तीच सोयराच्या नियमानें अस्पर्श्य झाली. एकाच अवधींत एका शास्त्राची सोबत आणि दुसऱ्याची शिवाशीव, अशी ही विचित्र वीण आहे. ती एकांगी निषेधास पात्र नाहीं. शिवाशीव होती म्हणूनच कित्येक सुनांस चुलीपासून तेवढे दिवस सुटका मिळाली. पण मिताक्षरेंत उद्धृत केलेलें पैठीनसीचें वचन पाहावें. पुत्र झालेल्या सूतिकेस वीस रात्रींनीं धर्मकर्माचा अधिकार मिळतो. कन्या झालेलीस महिन्यानें. हा दहा दिवसांचा फरक कोणत्याहि वैद्यकानें सांगितलेला नाहीं.

तो फरक किती खोल गेला हें गोव्यांत दिसून आलें. तेथील एका जिल्हा रुग्णालयांत २७० गर्भवतींची नोंद करून विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं त्यांची पुढील हकीकत पाहिली. ती २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांपैकीं शेंकडा २३ आया विषादाच्या रोगानें ग्रस्त होत्या. दारिद्र्य व पतीशीं बिघडलेला संबंध हीं कारणें ठळक होतींच. मूल मुलगा कीं मुलगी यानेंहि धोका कमीजास्त होई. वार पडल्यावर संप्रेरकें उतरतात तीं सर्वच आयांचीं. आजारी मात्र सर्व पडत नाहींत. उरलेल्या अंतराचा पुष्कळ भाग घरांत शोधावा लागतो.

बापाविषयीं आमचे ग्रंथ बहुतेक मौन आहेत. ‘सुहृद’ शब्दांत त्यास बसवावयाचें तर बसवितां येईल, पण तें ओढून ताणून होईल. २०११ मध्यें फिलिपीन्समधील सेबू येथील ६२४ पुरुषांवरील अभ्यासांत असें दिसलें कीं बाप झालेल्यांत टेस्टोस्टेरोन उतरतें, आणि जे मुलाचें करण्यांत अधिक वेळ घालवितात त्यांच्यांत तें अधिक कमी असतें. हें चरकास सांगितलें असतें तर त्यानें आपल्या यादींत एखादें पुल्लिंगी विशेषण घातलें असतें, असें आम्हांस वाटतें.

आतां एक पाठ तेवढा विचारार्थ ठेवतों. स्त्रीस ‘सूतिका’ म्हणावयाचें तें कोठवर? सुश्रुताचें उत्तर दीड महिना. दीड महिन्यानंतर तिचें पथ्य सुटतें व नांवहि सुटतें. आपला सव्वा महिना याच्याच आसपास. गोव्यांतील आयांस प्रश्न विचारले गेले ते बरोबर या मर्यादेच्या तोंडाशीं, जेव्हां शेगडी उचलली जाते व लेक सासरीं निघते. त्या वेळीं आजारी ठरलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यांतहि आजारीच होत्या. सुश्रुतानें मात्र आपल्या मताच्या लगेच पुढें दुसऱ्यांचें मत नोंदविलें आहे. पुन्हां ऋतुदर्शन होईपर्यंत ती सूतिकाच, असें तें मत. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस ऋतु कित्येक महिने येत नाहीं. म्हणजे हे ‘एके’ जे कोणी होते त्यांच्या हिशेबानें ती सहाव्या महिन्यांतहि सूतिकाच असूं शकते, आणि सौमनस्याची ती अट तिच्या घरावर तोंपर्यंत लागू राहते. त्यांचीं नांवें संहितेनें राखलीं नाहींत.