गोपुरीतला पहिला धडा

साल 1950. आगबोट मालवणपुढे नांगरते आणि पडावातून तुम्ही किनाऱ्याला लागता. समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, पण त्या नावाचा जिल्हा व्हायला अजून 31 वर्षं आहेत. तुम्ही उतरलात रत्नागिरी जिल्ह्यात. लाल धुरळा उडवत सर्व्हिस मोटर कणकवलीला पोहोचवते. तिथून जवळच, गडनदीकाठी, वागद्यात गोपुरी आश्रम. स्थापना 1948.

ग्रामशिक्षण बघायला आलात, तेव्हा फळा, पाट्या, परवचा असं काहीतरी डोक्यात असणार. दिसतं ते मेलेलं ढोर. पन्नाशी ओलांडलेला एक खादीधारी त्याच्यापाशी उकिडवा बसलाय. सुरी आडवी, बेताची; दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांस यांच्यामध्ये सरकवत तो कातडं सोडवतोय. भोक पडलं की किंमत उतरते. तुमचा रुमाल नाकाला. गडग्यापलीकडून कुणीतरी पुटपुटतं, "बामण असान ढोरां सोलता!"

हे आप्पासाहेब पटवर्धन. प्राध्यापकी सोडून गांधीजींकडे गेलेले, त्यांची आत्मकथा मराठीत आणणारे. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं, मिळेना म्हणून उपास धरला. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं.

याच काळात चीनमध्ये यान यांगचू हे ग्रामशिक्षणासाठीच पदवीधरांना घेऊन डिंगशियान परगण्यात गेले होते. शेतकऱ्याला हजारेक अक्षरं शिकवायची, मग शेती, आरोग्य, गावकारभार. 1937 च्या जपानी आक्रमणात ते काम मोडलं. त्यांची सुरुवात अक्षरापासून, आप्पांची घाणीपासून. आमच्याकडे अक्षर आलेली माणसंच घाणीला हात लावत नव्हती, म्हणून मला आप्पांचा क्रम बरोबर वाटतो.

आता ते तुमच्या हाती खोरं देतात. संडासाच्या चरावर माती, वर पातेरा, पुन्हा माती. कुजलं की शेताला सोनखत. काम पाच मिनिटांचं; अवघडतो तो हात, जात आठवून. शिकवणी खरी तुमचीच चालली आहे.

आप्पा 1971 मध्ये गेले. 2016 च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला. सगळं श्रेय आप्पांना देणं भाबडेपणाचं होईल. पण गटारात माणूस उतरवणं आपण अजून थांबवलेलं नाही, आणि तो कुठल्या जातीचा असतो हे विचारावं लागत नाही.