तळटीप : बटणावर उतरणारी काच

२. मूळ लेखातल्या बेंबळी गावच्या प्रसंगात बटणावर काच उतरवून गावकऱ्यांना थक्क करणारी गाडी म्हणजे टाटा सिएरा. टेल्कोने १९९१ मध्ये आणलेली ही पुण्याची गाडी पॉवर विंडो असलेल्या सुरुवातीच्या भारतीय गाड्यांपैकी एक. गंमत अशी, की उतरत त्या फक्त पुढच्या दोन काचा. मागच्या, छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा पक्क्या बसवलेल्या होत्या. (अमेरिकेत पॅकार्डने ही सोय १९४० मध्येच दिली होती, पण तिथे काच तेलाच्या दाबावर चाले.)

दाराच्या पत्र्याआड बारा व्होल्टची छोटी मोटर असते. बटणाची बाजू बदलली की विजेची दिशा बदलते आणि मोटर उलटी फिरते. तिच्या दांड्यावरचे मळसूत्र दातेरी चाक फिरवते. चाकाला जोडलेली कैची किंवा तार काच वर-खाली नेते. खुबी ही, की मळसूत्र चाकाला फिरवते, चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणूनच बंद काच बाहेरून हाताने दाबून सहजी उतरत नाही.

काच अडली की दोष मोटरीलाच दिला जातो. पण काळ्या मातीची धूळ रबरी खाचेत बसली की काच जड होते. तरीही बटण दाबून धरले, तर मोटर तापते आणि आतला खटका वीज तोडतो. निवल्यावर ती पुन्हा चालू लागते. तोवर ‘मोटर जळाली’ हे निदान झालेले असते!

वाटेत बोट आल्यास मोटरीचा मंदावलेला वेग ओळखून मागे फिरणाऱ्या काचा बऱ्याच नंतरच्या.