लंडनचे काम, नाशिकची रात्र (थ्रेड)

परदेशाचे काम नाशिकमध्ये आले ते संगणकाबरोबर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लंडनचे काम उचलून नाशिकला आणण्याची घटना १९२५ सालची आहे, आणि ते काम होते टपाल तिकिटे छापण्याचे.

त्याची पूर्वपीठिका रंजक आहे. अखिल हिंदुस्थानसाठीची पहिली तिकिटे १८५४ साली कलकत्त्यात छापली गेली. लगेच पुढच्या काळात ते काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेले आणि सुमारे सत्तर वर्षे तेथेच राहिले. तिकीट येथे चिकटवायचे, पण ते यायचे जहाजाने. आजच्या भाषेत सांगायचे तर हिंदुस्थान सरकारने आपले काम 'आउटसोर्स' केले होते. पहिल्या महायुद्धात सागरी वाहतूक संकटात सापडली, तेव्हा या व्यवस्थेचा धोका ध्यानात आला. दिल्लीत छपाईचा प्रयोग झाला आणि अखेर मुंबईच्या लोहमार्गावरील, कोरड्या हवेच्या नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले. १९२८ साली शेजारच्या मुद्रणालयातून पाच रुपयांची नोट बाहेर पडली. तोवर नोटाही इंग्लंडमधूनच छापून येत असत.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. नाशिकरोडला यंत्रे आली, कारागिरी आली आणि कामाची जबाबदारीही आली. पुढे संगणकाचे काम आले तेव्हा असे घडले नाही.

ती दुसरी कथा अमेरिकेत सुरू होते. १९७२ च्या सुमारास नरेंद्र आणि पूनम पटनी हे दांपत्य केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे राहत होते. कागदावरील मजकूर भारतात टंकून घ्यायचा आणि संगणकाला वाचता येईल अशा रूपात अमेरिकेला परत द्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. ती चालेल की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी घरातच प्रयोग केला. एक खोली अमेरिका, दुसरी भारत. एकमेकांशी बोलायचे नाही, सर्व सूचना केवळ लिहून द्यायच्या. सूचना पुरेशी स्पष्ट असेल तर काम कोठेही होऊ शकते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा व्यवसाय या एका वाक्यावर उभा आहे, आणि त्यातील गोमही याच वाक्यात आहे. सूचना लिहिणारा एका खोलीत, पाळणारा दुसऱ्या. पटनींचे टंकनाचे काम पुण्यात सुरू झाले.

१९७४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने मुंबईत बसून अमेरिकेच्या बरोज कंपनीचे सॉफ्टवेअरचे काम केले. त्या काळी संगणक आयात करायचा तर निर्यातीची हमी द्यावी लागे, त्यामुळे फकीरचंद कोहली यांच्यासमोर निर्यातीवाचून मार्गही नव्हता. १९८१ साली पटनींकडून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. दोनच वर्षांत ही कंपनी बंगळूरला गेली, कारण तिचा ग्राहक 'मायको' तेथे होता. मायकोचा दुसरा कारखाना तेव्हा नाशिकच्या सातपूरला धडधडत होता. आजही मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या कित्येक नाशिककरांना हा योगायोग ठाऊक नसतो.

सातपूर, अंबड आणि ओझर यांनी नाशिकला कारखान्यांचे शहर केले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि १९८४ साली नाशिकमध्ये क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. संगणकाचे पदवीधर शहरात तयार होऊ लागले, परंतु त्यांच्या नोकऱ्या पुण्यात होत्या. पदवी नाशिकची आणि पगार पुण्याचा, हे समीकरण तेव्हापासूनचे आहे.

१९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची व्यवस्था आली आणि उपग्रहाद्वारे जोडणी मिळू लागली. माणसे परदेशी पाठवण्याऐवजी कामच येथे आणता येऊ लागले. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने तिकिटांच्या हिशेबासारखी मागील दाराची कामे करण्यासाठी मुंबईत एक शाखा काढली. तीच पुढे डब्ल्यूएनएस झाली. २००६ साली ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या केंद्रांच्या यादीत गुडगाव, मुंबई आणि पुण्याबरोबर नाशिकचे नाव होते. डेटामॅटिक्सनेही मुंबई-आग्रा मार्गावर केंद्र उभारले. लंडनचे काम दुसऱ्यांदा नाशिकला आले.

याच काळात एक काम उलट दिशेने गेले होते. देशातील मुद्रणालये नोटांची मागणी पुरी करू शकत नव्हती, म्हणून १९९७-९८ मध्ये सरकारने शंभर व पाचशे रुपयांच्या ३६० कोटी नोटा परदेशात छापून घेतल्या. एकूण मूल्य एक लाख कोटी रुपये. काम मिळालेल्या तीन कंपन्यांत डी ला रू होती. जिच्याकडून ७२ वर्षांपूर्वी काम काढून नाशिकला आणले, तिच्याचकडे ते पुन्हा द्यावे लागले. २०१० साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने या निर्णयावर कठोर ताशेरे ओढले. छापखाना परक्याचा असेल तर जादा नोटा छापल्या जाणार नाहीत याची खात्री कोण देणार, हा तिचा प्रश्न होता. परदेशी बँका आणि विमान कंपन्या आपला विदा नाशिकसारख्या शहरात पाठवतात तेव्हा त्यांच्या मनात नेमका हाच प्रश्न असतो. तपासणीचे दरवाजे आणि पाळीपूर्वी बाहेर ठेवायचे मोबाइल हे त्याचे उत्तर आहे.

नाशिकला मिळाले ते बहुतांशी पाळीचे काम. लंडनचे नऊ वाजतात तेव्हा येथे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच झालेले असतात. न्यूयॉर्कचे कार्यालय उघडते तेव्हा येथे संध्याकाळ झालेली असते. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास मनाई होती. ही केंद्रे सवलतीच्या आधारे चालत. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात कामावर निघालेल्या २२ वर्षांच्या बीपीओ कर्मचारी तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीचा चालक व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. राज्यभरातील घराघरांत रात्रपाळीची चर्चा झाली. २०१७ च्या नव्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीची संमती आणि तिच्या संरक्षणाची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकली. कामाच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना डॉलर आणि उपग्रह यांना पुष्कळ जागा मिळते, रात्री दोन वाजता दाराशी थांबणाऱ्या गाडीला मिळत नाही.

एमआयडीसीने अंबडला आयटीसाठी इमारत बांधली, पण ती वर्षानुवर्षे मुख्यतः रिकामी राहिली. इमारत असली की उद्योग येतो, हा कारखान्यांच्या काळातील हिशेब येथे चुकला. याउलट २००५ साली पीयूष सोमाणी यांनी सुरू केलेल्या ईएसडीएसने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतच डेटा सेंटर उभारले. जेथे सुटे भाग बनत, तेथे संकेतस्थळांचे सर्व्हर बसले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि पुणे, बंगळूर येथे गेलेली मुले लॅपटॉपसह गंगापूर रोड, इंदिरानगर आणि सिडकोतील घरी परतली. तोपर्यंत बीपीओच्या कामासाठी दूरसंचार विभागाची स्वतंत्र नोंदणी लागे आणि घरून काम करू देणे म्हणजे कंपनीला बँक हमीसह परवानगीचे दिव्य होते. नोव्हेंबर २०२० मध्ये या अटी काढल्या गेल्या. पटनींच्या दोन खोल्यांपैकी दुसरी खोली आता खरोखरच घरातली खोली झाली.

जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने ३.३ अब्ज डॉलरला डब्ल्यूएनएस घेण्याची घोषणा केली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सेवा हे त्यामागचे उघड सांगितलेले कारण होते. लेखी सूचना स्पष्ट असेल तर काम कोठेही होते, हे १९७२ चे सूत्र यंत्रालाही लागू पडते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात मात्र आजही तिकिटे छापली जातात.